भाड्याचा तंबू

सोमवारी अकराच्या आत
तंबू छेडाच्या दुकानात परत द्यायचाय,
कोरडा, झटकलेला, अकरा खुंट्या मोजून.
नाहीतर डिपॉझिट गेलं.

म्हणून आज गच्चीवर पसरलाय.
लोखंडे मार्ग, सहावा मजला संपल्यावरचा जिना,
एक दोरी डिश अँटेनाला, दुसरी पाण्याच्या टाकीला,
आणि ऑक्टोबरचं ऊन, जे फुकट आहे.

उलटा करून झटकला तेव्हा पडलं ते असं:
यांगथांगची मूठभर माती, पिठासारखी,
जवाचं कुसळ,
शुक्पाची वाळकी काडी, अजून वास धरून,
आणि माझा एक मोजा, ज्याच्यापायी
पुंचोकच्या खेचरावर मी उगीच संशय घेतला होता.

आई पापड घेऊन वर आली.
चार दिवसांसाठी एवढा खर्च, म्हणाली,
आणि आणलीस काय, तर माती.

मग परात खाली ठेवून तंबूच्या दारात बसली,
सरकत सरकत आत गेली. पाय बाहेर.
"तिकडं आपलाच बुद्ध का गं?"
आपलाच. पण सोबत पुष्कळ मंडळी.
कुणी निळे, कुणी दात विचकणारे,
एकाचे तर हात मोजता येईनात.
"एवढे हात," आई म्हणाली,
"आणि झाडू कोण मारतं तिथं?"

इशे मारतो. बारा वर्षांचा लामा.
वानखेडेच्या खेळपट्टीवर चेंडू वळतो का, ते त्याला हवं होतं.
मी मुंबईची, आणि मला ते सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट सांगू की नको,
म्हणून मी पापड उलटत राहिले.

लिकीरला, चढून आल्या आल्या,
आतल्या काळोख्या दालनात, जरा खवट तुपाच्या वासात,
म्हातारा लामा खुणेनं म्हणाला,
म्हण काहीतरी, तुमच्याकडचं.
आमच्याकडचं म्हणजे
ट्यूबलाइट, निळ्या खुर्च्या, रविवार सकाळ,
आणि माइकला तोंड जवळजवळ टेकवून बाबा.
तेच म्हटलं.
बुद्धं सरणं गच्छामि.

बाबा "दुतियम्पि" म्हणून थांबायचे.
एक अख्खा श्वास.
त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली,
आमच्या विहारात अजून सगळे तिथं थांबतात,
लहान पोरंसुद्धा.
मला वाटायचं चालच तशी आहे.

बारा हजार फुटांवर मी "दुतियम्पि" म्हटलं
आणि हवा संपली.
नेमकी तिथंच.

चाल नव्हती ती, आई.
माहुलच्या कंपनीत एकतीस वर्षं पिंपं धुतलेलं
फुप्फुस होतं.

लामाच्या हातातली माळही थांबली.
त्याला वाटलं असेल, यांच्याकडे असंच म्हणतात.

हे सगळं मी तंबूच्या कापडाला सांगितलं,
आत आई होती.
बराच वेळ नुसतं कापड फडफडलं.
"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.
"रात्री तोच श्वास मोजत पडायचे मी."
मग विहारात कधी बोलली नाहीस?
"कशाला? पोरांना पाठ झालं होतं.
आता हात दे. गुडघे धरलेत."

सेक्रेटरी तांबट वर येऊन बघून गेले:
गच्चीवर राहायला परवानगी लागते.
राहत नाही हो, वाळवतोय.

दिवेलागणीला रिफायनरीची ज्योत दिसायला लागली,
रोजच्यासारखी, वाऱ्याने एका अंगाला झुकलेली.
आम्ही दोघींनी तंबूची चार टोकं धरली,
साडीसारखी घडी घातली.
पिशवीत काही तो मावेना.
दुकानात मावला होता.

खुंट्या दहाच भरल्या.
अकरावी यांगथांगच्या जमिनीत असणार,
कशालाच न धरता, घट्ट.
छेडा साठ रुपये कापेल.

उद्या रविवार.
नऊला वंदना.